प्रत्येक चुकलेली गोळी आमच्याच खोलीत येते

आमच्या क्लबात संध्याकाळ झाली की रेंजवरून रिकाम्या पुंगळ्या बादलीत भरून आमच्या खोलीत येतात. त्यांच्या मागोमाग तक्रारी येतात. पुंगळ्या धुऊन, पुसून पुन्हा वापरता तरी येतात. तक्रारींचं काय करायचं? त्या नुसत्या साचत जातात आणि साचून साचून त्यांचे किस्से होतात. सुट्टीत घरी गेले की बहिणी म्हणतात, "सांग गं तुझ्या बंदुकवाल्यांचं!" मी सांगायला बसते आणि दर वेळी कुणाची तरी भाजी करपते.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मस्कतच्या बाहेर, वस्ती संपून नुसते तपकिरी डोंगर सुरू होतात तिथे नेमबाजीचा हा क्लब आहे. इथले लोक हजार मीटरवरच्या टार्गेटवर रायफल चालवतात. एवढ्या लांब उभा असलेला माणूस काडीएवढा दिसतो! बाजारची तयार काडतुसं इतक्या लांबवर सगळी सारखी जात नाहीत, म्हणून ती हाताने भरायची. वापरलेली पितळी पुंगळी स्वच्छ करायची, तिच्या बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, काट्यावर तोलून आत बारूद घालायची, वर गोळी ठेवून प्रेसचा दांडा ओढायचा. झालं काडतूस. मी बहिणींना सांगते, करंज्यांसारखंच आहे. सारण कमी-जास्त झालं तर करंजी बिघडते; इथे बारूद कणभर कमी-जास्त झाली तर हजार मीटरवर गोळी वीतभर वर नाहीतर खाली लागते.

खोलीत आम्ही दोघंच. नाईककाका आणि मी. काका मूळचे वेंगुर्ल्याकडचे. उभं आयुष्य दारूगोळ्याच्या कारखान्यात गेलं, रिटायर झाले आणि इथे आले. मी बारावी पास. नवऱ्याची मस्कतमधल्या रुवीत नोकरी, घर दार्सैतला, मुलगी शाळेत जायला लागली आणि मी क्लबात रिसेप्शनच्या जागेसाठी गेले. ती जागा आदल्याच दिवशी भरली होती. "दुसरी जागा होईपर्यंत नाईकच्या खोलीत बसा," असं सांगितलं. ते 'होईपर्यंत' अजून चालू आहे.

* * *

लोकांना काय सांगायचं, हा पहिला त्रास.

सुरुवातीला मी खरं सांगायचे. देवळात प्रसादाच्या रांगेत एका बाईंनी विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "काडतुसं भरते." बाईंनी हातातला द्रोण मलाच दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही आधी घ्या!"

नवरा म्हणाला, "तू असं एकदम सांगू नकोस गं. मी सांगतो." त्याने सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, "ही क्लबमध्ये असते." झालं! बिल्डिंगमधल्या बायका माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायला लागल्या. एकीने तर हळूच विचारलं, "रात्री किती वाजता सुटतं?"

शेवटी मी कंटाळून लिफ्टमध्ये मोठ्याने खुलासा केला. "नेमबाजीचा क्लब आहे हो! रायफलच्या गोळ्या भरतो आम्ही. अगदी लांब जाणाऱ्या." लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे गृहस्थ होते. दोन वर्षं आमच्या पार्किंगमध्ये त्यांची गाडी असायची. नवऱ्याने विनंत्या करून झाल्या, वॉचमनने सांगून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंग रिकामं! नुसतं रिकामं नाही, पाणी मारून धुतलेलं.

* * *

आता खमीसभाई. त्यांच्याशिवाय पुढे जाताच येणार नाही.

खमीसभाई आमचे सगळ्यात जुने नेमबाज. निझव्याकडे खजुराची बाग आहे, मस्कतमध्ये घर आहे, आणि आवाज असा की हजार मीटरवरून ऐकू येईल. हिंदी आमच्या कुणापेक्षाही झकास बोलतात. मनाने सोन्यासारखा माणूस. पण गोळी चुकली की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "सिस्टर, काडतूस!"

बाकीचे म्हणतात वारा होता, ऊन होतं, डोळ्यात घाम गेला. खमीसभाईंच्या डोळ्यात कधी घाम जात नाही. गोळी टार्गेटच्या वर लागली तर बारूद जास्त, खाली लागली तर कमी. टार्गेटलाच लागली नाही तर "आज नाईक का मूड ठीक नहीं था!"

हे सगळं कॅप्टन हिलाल यांच्या कानावर जायचं. ते क्लबाचे प्रमुख. फौजेतून निवृत्त झालेले, फार कमी बोलणारे. एके दिवशी ते खोलीत आले, प्रेसवरून बोट फिरवलं आणि इंग्रजीत शांतपणे म्हणाले, "नाईक, हिवाळ्यात शेजारच्या क्लबाशी मॅच आहे. तोपर्यंत मला एकच गोष्ट समजली पाहिजे. चुकतं कोण, काडतूस की माणूस? काडतूस असेल तर ही खोली बंद. बाहेरून तयार मागवू. खलास."

कॅप्टन गेले. नाईककाका स्टुलावर बसले. मी पाणी दिलं.

"काका, घरी तर जायचंच आहे ना कधीतरी?" मी आपलं समजावायला म्हटलं.

"मुलगा म्हणतो, बाबा, या आता, आराम करा," काका म्हणाले. "मागच्या सुट्टीत केला आराम. आठव्या दिवशी सूनबाईच्या स्वयंपाकघरात जाऊन तिचे वाटाणे तोलायला लागलो! दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायची बंद झाली. माका ही खोली होई गो, शुभांगी."

काका मालवणीत शिरले की प्रकरण गंभीर आहे असं समजायचं.

* * *

बारूद तोलायच्या वेळी आम्हांला एसी बंद करावा लागतो. आमचा काटा इतका नाजूक आहे की झुळूक आली तरी हलतो. मस्कतच्या उन्हाळ्यात एसी बंद! आम्ही दोघं घामाने निथळत, श्वास धरून, एकेका पुंगळीत बारूद ओततो. आणि काकांचा नियम असा की मध्ये कुणी बोललं, लक्ष उडालं, की ट्रेमधल्या सगळ्या पुंगळ्या ओतून पहिल्यापासून सुरुवात. एखादीत बारूद चुकून दोनदा पडली तर रायफलीसकट माणूस जायचा. नियम बरोबरच आहे. पण तो फक्त आम्हांलाच माहीत आहे!

दारावर चार भाषांत पाटी आहे: आत येऊ नका. लोक ती वाचतात आणि आत येऊन विचारतात, "का?"

कँटीनचे कुट्टीभाई तर रोज. ट्रे भरत आला की दार धाडकन उघडणार. "मॅडम, चाय!"

काका डोळे मिटून घेणार. मी ट्रे उपडा करणार.

"मॅडम, नाश्ता में उपमा है या पुरी?"

"कुट्टीभाई, आप पहले दरवाजा बंद करो!"

कुट्टीभाई दार बंद करणार. आतून. मग निवांत उभे राहून म्हणणार, "इतनी गर्मी में काम करते हो? एसी खराब है?"

असं करता करता क्लबभर झालं की नाईकच्या खोलीतला एसी बिघडला आहे आणि ते बिचारे भिडस्तपणाने सांगत नाहीत. ऑफिसातल्या एका भल्या माणसाला दया आली. आम्ही शुक्रवारची सुट्टी संपवून आलो तर भिंतीवर नवा कोरा एसी! जुन्याच्या दुप्पट. मेकॅनिक अभिमानाने म्हणाला, "आपके लिए स्पेशल। हवा सीधी टेबल पे आएगी!"

त्याने बटण दाबलं. काट्याचं पारडं उडून माझ्या मांडीवर पडलं.

* * *

खोली बंद होणार ही बातमी खमीसभाईंना कळली तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं. आपल्यामुळे झालं हे मात्र त्यांच्या मनातही आलं नाही. "नजर लगी है, सिस्टर," ते म्हणाले. "इस कमरे को किसी की नजर लगी है."

दुसऱ्या दिवशी आम्ही काम करत होतो. एकदम सुंदर वास यायला लागला. लोबान, चंदन, गुलाब. मी काकांना म्हणणार होते, किती छान वास येतोय, तेवढ्यात दार उघडलं. दारात खमीसभाई. पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्याला मस्सरचा फेटा, आणि दोन्ही हातांत लाल निखाऱ्यांचं धुपाटणं! धूर भसाभसा येतोय. ओठांवर दुआ.

मी जागेवर दगड झाले. टेबलावर बारुदीचा डबा उघडा होता.

नाईककाकांना गुडघेदुखी आहे. जिना चढायला त्यांना आधार लागतो. ते काका स्टुलावरून असे उठले की मला दिसलेच नाहीत! "भायर! भायर काढ मेल्या तां!" असं ओरडत त्यांनी खमीसभाईंना धुपाटण्यासकट दाराबाहेर ढकललं, अंगणापर्यंत नेलं, आणि झाडांना पाणी घालायची नळी धरून निखाऱ्यांवर सोडली. अर्धं पाणी खमीसभाईंच्या दिशदाशावर.

खमीसभाई भिजून उभे. चेहरा असा की लहान मुलाचा खाऊ काढून घेतलाय.

"नाईक, हे आम्ही पाहुण्यांसमोर नेतो. कपड्यांना देतो. नव्या बाळाच्या पाळण्याखालीसुद्धा फिरवतो."

काका धापा टाकत म्हणाले, "बाळात बारूद नसते!"

* * *

काडतुसांना ऊन लागलं की बारूद तापते आणि गोळी वर जाते. म्हणून आम्ही सकाळी डबा देताना प्रत्येकाला सांगतो, सावलीत ठेवा. खमीसभाई मान डोलवतात, डबा गाडीत पुढच्या काचेपाशी ठेवतात, गाडी उन्हात लावतात आणि मजलिसमध्ये, म्हणजे क्लबाच्या बैठकीच्या खोलीत, खजूर खायला जातात. तिथे कुणीतरी भेटतंच. दोन तासांनी काडतुसं हातात धरवत नाहीत इतकी तापलेली. मग गोळी टार्गेटच्या वरून जाते. "सिस्टर, बारूद जास्त!"

एकदा मी हात जोडून म्हटलं, "खमीसभाई, मॅच जवळ आली. काकांची नोकरी जाईल हो. काडतुसं थंड जागी ठेवा. एवढं माझ्यासाठी करा."

"सिस्टर ने बोला, खलास!" छातीवर हात ठेवून ते गेले.

दुसऱ्या दिवशी सरावाला गोळ्या टार्गेटपर्यंत पोहोचेनात. सगळ्या खाली, मातीत. मी धावत रेंजवर गेले. डबा हातात घेतला तर बोटं चिकटली! वर बर्फ. काडतुसांवरून पाणी टपकत होतं आणि डब्याला मासळीचा वास येत होता.

कँटीनमध्ये गेले. "कुट्टीभाई, हा डबा कुठे होता?"

कुट्टीभाईंचा चेहरा खुलला. "मॅडम, खमीस साब ने फ्रिज में रखा था, लबन-छाछ के बाजू में। बोले, नाईक का नौकरी का सवाल है, ठंडा रखो. तो मैंने फ्रीजर में डाल दिया, सुरमई के नीचे।"

"फ्रीजरमध्ये का?"

"नाईक अपना आदमी है, मॅडम!"

* * *

मध्येच एक छोटा किस्सा.

खमीसभाईंनी एकदा जाहीर केलं, "आजपासून माझी काडतुसं फक्त सिस्टर भरणार. तिच्या हाताला आईचा हात आहे. नाईक के हाथ में गुस्सा है."

काका त्या दिवशी जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं. मी एकाच ट्रेमधली काडतुसं, एकाच हाताने भरलेली, दोन डब्यांत घातली. एका डब्यावर लिहिलं 'सिस्टर', दुसऱ्यावर 'नाईक'. म्हटलं, खमीसभाई, दोन्ही चालवून बघा.

त्यांनी दोन्ही चालवली. परत येऊन म्हणाले, "जमीन-अस्मानाचा फरक आहे! नाईकचं काडतूस खांद्याला मारतं. सिस्टरचं विचारून मारतं."

तो ट्रे पूर्ण नाईककाकांनी भरला होता.

* * *

आता प्रामाणिकपणे आमच्या खोलीचंही सांगितलं पाहिजे. एकदा चूक खरोखर आमचीच होती.

खंडेनवमीला काका दर वर्षी प्रेसची आणि काट्याची पूजा करतात. कारखान्यात असल्यापासूनची सवय. या वर्षी तर खोलीच पणाला लागलेली, त्यामुळे पूजा जरा जास्तच मनापासून. मी झेंडूची फुलं नेली होती.

"निरांजन लावलेलं नाही हो," काका मला आधीच म्हणाले. "तेवढी अक्कल आहे मला."

हळद लावली, ओलं कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. साखरेचा नैवेद्य दाखवला. मग नेहमीप्रमाणे आम्ही काडतुसं भरली. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि त्याच दिवशी मॅचआधीचा मोठा सराव. कॅप्टन हिलाल स्वतः दुर्बिणीला डोळा लावून बसलेले.

पहिली गोळी खाली. दुसरी खाली. तिसरी, चौथी, सगळ्या खाली! आणि खमीसभाईंच्याच नव्हे, प्रत्येकाच्या. चार वेगवेगळे नेमबाज, चार रायफली, आणि गोळ्या अगदी तळहातावर मावतील अशा एकत्र, पण टार्गेटच्या खालच्या कडेला. काकांचा चेहरा पांढरा पडला.

खोलीत आल्यावर आम्ही बारुदीचा डबा तपासला, टोप्या तपासल्या, प्रेस तपासली. काकांनी डोक्याला हात लावला. "काल सकाळी काटा मी स्वतः तपासला होता गो! तपासला आणि मगच पूजा केली."

तपासला आणि मग पूजा केली! मी काट्याचं पारडं उचललं आणि उलटं केलं. खाली, ओल्या कुंकवात घट्ट चिकटलेला, एक तांदूळ.

एका तांदळाचं वजन जाऊन तेवढी बारूद प्रत्येक काडतुसात कमी!

काकांनी तो तांदूळ कागदात घेतला आणि सरळ कॅप्टनच्या टेबलावर नेऊन ठेवला. मी मागे. "सर, माझी चूक," एवढंच म्हणाले. कॅप्टननी तांदूळ पाहिला, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा तांदूळ पाहिला.

तेवढ्यात बाहेरून खमीसभाईंचा आवाज. ते मजलिसमध्ये एकेकाचा हात धरून सांगत होते, "मैं बोला था ना? काडतूस! मैं सालों से बोल रहा हूँ!" त्यांच्या मुलाच्या लग्नात मी त्यांना पाहिलं होतं. इतका आनंद तेव्हाही नव्हता.

कॅप्टन म्हणाले, "नाईक, आता त्याच्याकडे एक पुरावा आहे. मॅचपर्यंत दुसरा देऊ नकोस."

* * *

आणि आता ती मॅच.

आदल्या दिवशी काकांनी प्रत्येक काडतूस दोनदा तोललं. मी हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या, उगीच वाजायला नकोत. कुट्टीभाईंना कॅप्टननी दुसऱ्या इमारतीत बसवलं. नवऱ्याने फोन केला तर मी उचलला नाही, रात्री तो म्हणाला, "मला वाटलं खोलीच उडाली!"

मॅच आमच्याच रेंजवर. सुंदर थंड सकाळ, डोंगरांवर कोवळं ऊन, वारा नावाला. टार्गेटं एका ओळीत. सात नंबरचं आमचं, त्याच्या डावीकडचं आठ नंबरचं शेजारच्या क्लबाचं. आमचे बाकीचे नेमबाज ठीक खेळले. त्यांचेही ठीक खेळले. शेवटी बरोबरी झाली आणि सगळं येऊन थांबलं खमीसभाईंवर.

मी आणि काका मागे चटईवर. काकांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली.

आणि खरं सांगते, त्या दिवशी खमीसभाई वेगळेच होते. आडवे झाले, रायफल खांद्याला लावली, आणि एकामागून एक गोळी काळ्या गोलात! दुर्बिणीजवळचा माणूस प्रत्येक वेळी अंगठा वर करत होता. शेवटची एकच गोळी उरली. ती काळ्यात गेली की मॅच आमची. खोलीही आमची.

शेजारी आठ नंबरचा नेमबाज आपल्या गोळ्या संपवून उठला. तो खमीसभाईंच्या बायकोच्या चुलतभावाचा जावई. इथे प्रत्येक जण कुणाचा तरी कुणीतरी असतोच! तो अंग झटकत आला आणि आदराने म्हणाला, "सलाम अलैकुम, अम्मी खमीस." अरबीत अम्मी म्हणजे चुलता.

आता नात्यातला माणूस उभा राहून सलाम करतो म्हटल्यावर पडून उत्तर कसं द्यायचं? खमीसभाईंनी रायफलीचा बोल्ट उघडला, ती चटईवर नीट ठेवली आणि उठून उभे राहिले.

"नाही! उठू नको रे बाबा!" काका पुटपुटले. "आडवो हो!"

पण सुरू झालं. वअलैकुम सलाम. कसा आहेस? बरा आहे, अल्हमदुलिल्लाह. तुम्ही कसे? अल्हमदुलिल्लाह. वडील कसे आहेत? मुलं कशी? भाऊ? बाग? उंट? काय बातमी? सगळी चांगली बातमी. तुमच्याकडे काय बातमी? सगळी चांगली. नाकाला नाक लावून झालं. हातात हात घेऊन झालं. इकडे पंच घड्याळाकडे बघतायत, कॅप्टन हिलाल आकाशाकडे बघतायत, आणि काका माझ्या हाताचा चुरा करतायत.

शेवटी पंचांनी खाकरून आठवण केली. खमीसभाई म्हणाले, "यल्ला, यल्ला." पुन्हा आडवे झाले. रायफल उचलली. बिस्मिल्ला म्हणाले. सगळी रेंज चिडीचूप.

गोळी सुटली.

दुर्बिणीजवळचा माणूस बघतोय, बघतोय. अंगठा वर होईना. मग त्याने मान हलवली. सात नंबरवर काही नाही. टार्गेटला स्पर्शसुद्धा नाही!

काकांनी माझा हात सोडला. ते नुसते गुडघ्यावर हात ठेवून समोरच्या डोंगराकडे बघत राहिले. मला रडू यायला लागलं होतं.

तेवढ्यात टार्गेटाखालच्या खड्ड्यात बसलेल्या माणसाचा वायरलेस खरखरला. अरबीत काहीतरी बोलणं झालं. पंचांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं. मग पंच गोंधळून सगळ्यांना म्हणाले, "आठ नंबरवर एक गोळी जास्त आहे."

"कुठे?" कॅप्टन हिलालनी विचारलं.

"मध्यावर."

"काळ्यात?"

"नाही सर. अगदी मध्यावर. बिंदूत. आज कुणाचीच एवढी मध्यावर गेलेली नाही."

आठ नंबरचा जावई खूष होऊन म्हणाला की ती त्याचीच असणार. पंचांनी त्याला गप्प केलं. नियमाप्रमाणे ती गोळी कुणाचीच नाही. मॅच आम्ही हरलो.

खमीसभाई सावकाश उठले. गुडघ्याची माती झटकली. आमच्या चटईपर्यंत चालत आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि अतिशय दुःखाने म्हणाले, "सिस्टर, शेवटचं काडतूस जरा डावीकडे ओढत होतं."

मी काकांकडे पाहिलं. काकांनी कपाळावर हात मारला.

कॅप्टन हिलाल दुर्बिणीपाशी गेले. आठ नंबरच्या टार्गेटकडे बराच वेळ बघत राहिले. मग कुणीतरी पुढे केलेला कहवा प्यायले, पुरे म्हणून रिकामी वाटी हलवून परत दिली, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "नाईक, काडतुसं इथेच भरायची. नेमबाज आपण बाहेरून मागवू!"